अंजिराची काडी कशात लावावी

नर्सरीत रोपांचा हिशोब लागतो, किस्स्यांचा लागत नाही. माझी नर्सरी बोरी बुद्रुकला, रस्त्याच्या कडेला. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर यांची रोपं आम्ही करतो. ट्रे गाडीत भरेपर्यंत गिऱ्हाईक बाकड्यावर टेकतं, चहा होतो, आणि जाता जाता ते काहीतरी बोलून जातं. त्यावरून दुसऱ्याला तिसरंच आठवतं. सीझन संपला की ट्रे धुऊन उलटे पडतात, पण बोलणं शेडमध्ये साचतच राहतं. त्यातलं बरंचसं मी विसरले. अंजिराचं तेवढं विसरता येत नाही. त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, बाकड्यावरची मंडळी अजून हसतात, आणि मला मात्र त्यातल्या एकाही गोष्टीवर मनापासून हसू आलेलं नाही.

बाकड्यावरची कायमची माणसं तीन. गुलाबभाऊ आधी ट्रकवर होते, आता त्यांची द्राक्षबाग आहे. प्रमोदचं चौकात खता-औषधांचं दुकान आहे. आणि सर. सर शाळेतून रिटायर झाले आणि मोबाईलवर शेती शिकले. तिघांचं एकमेकांशी पटत नाही आणि एकमेकांशिवाय करमत नाही. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, या सगळ्यात कुठेच नसतात. वाद सुरू झाला की त्यांना मोटार बघायची आठवण होते.

*

माझं माहेर महाळुंगे पडवळ. तिथे रस्त्याला लागून आमचं रान, रानात विहीर, आणि विहिरीच्या थारोळ्याजवळ, उपसलेलं पाणी पडतं त्या दगडी कुंडीपाशी, आईनं लावलेलं अंजिराचं झाड. वटवाघळं फळं खातात म्हणून आई एकेका फळाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. लांबून वाटायचं, कुणीतरी झाडावर धुणं वाळत घातलंय. फळ लहानच, पण तोंडाशी उकललं की आत नुसता मध.

आई गेली आणि पुढच्या वर्षी दादाचा फोन आला. "मंदे, घोडेगावला यायचंय, सही द्यायाला."

बहिणीनं हक्कसोड करून द्यायचं आणि भावानं साडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. जी सही करत नाही तिला माहेर राहत नाही. मी सही केली. आनंदानं नाही आणि भांडूनही नाही. सगळ्या करतात तशी केली. कचेरीबाहेर दादानं साडीची पिशवी हातात दिली आणि म्हणाला, "आनखी काय पायजे ते बोल. मागं न्हाई बघायचं."

मी म्हणाले, "मला आईचं अंजीर पायजे."

"एवढंच व्हय?" दादा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

संध्याकाळी निघताना भावजयीनं आणखी एक पिशवी दिली. आत मंचरच्या बाजारातून आणलेलं अंजिरांचं खोकं. "पॅक माल हाय वन्सं," ती म्हणाली. "झाडावरची लई किडकी निघत्यात."

फळ नको, झाडाचं रोप करून न्यायचंय, असं मी पुन्हा समजावून सांगितलं. दादा मोबाईलमध्ये होता. मान वर न करता म्हणाला, "ने की काय न्यायचं ते. जळणच हाय ते. तिथं लॉन्स व्हायचंय."

लॉन्स म्हणजे लग्नाचं मैदान. एन.ए.ची, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायची, परवानगी आली की काम सुरू. म्हणजे सरकार जितकं रखडेल तितके दिवस आईच्या झाडाचे. मला फार काही नको होतं. त्या झाडाचं एक रोप माझ्या दारात जगावं, एवढंच होतं.

*

जाणकार लगेच म्हणतील, अंजिराची गुटी बांधायची, म्हणजे फांदीला झाडावरच मुळ्या फोडायच्या. तेच केलं. पावसाळ्यात जाऊन फांद्यांची साल गोल सोलली, ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, गुंडाळलं, वरून प्लॅस्टिक आणि सुतळी. झाडाला ठिकठिकाणी पुडकी लटकली.

भावजयीनं ती पुडकी बघितली. नणंद सही करून गेली आणि महिना होत नाही तोवर रानातल्या झाडाला काहीतरी बांधून गेली. तिनं दादाला सांगितलं नाही, मला विचारलं नाही. सरळ देवऋषी आणला.

देवऋषीनं एक पुडकं सोडलं. आत ओलं मॉस आणि मॉसमधून पांढरे, बारीक धागे. "केस हायेत," तो म्हणाला. "म्हाताऱ्या बाईचे."

सगळी पुडकी काढून, लिंबू-मिरची ठेवून, विहिरीजवळच जाळली. मग भावजयीनं मला फोन केला. रडत होती. "वन्सं, आमचं काय चुकलं असलं तर तोंडावर बोला. पण असलं नका करू."

हे मी बाकड्यावर सांगितलं तेव्हा गुलाबभाऊंच्या हातातला चहा हसून हसून सांडला. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "म्हंजी वहिनी, मुळ्या फुटल्या व्हत्या म्हणायच्या."

"फुटल्या व्हत्या," मी म्हणाले.

*

झाडावर लटकणारं काही आता चालणार नव्हतं. उरल्या काड्या. थंडीत छाटून आणायच्या, कापलेल्या तोंडाचा चीक वाळू द्यायचा आणि लावायच्या. पण लावायच्या कशात? माझ्या तोंडून हा प्रश्न बाकड्यासमोर निघाला आणि तिथून माझ्या हातात काही राहिलं नाही.

गुलाबभाऊ म्हणाले, "वाळू. नदीची. काडीला खायाला नाय द्यायचं, उपाशी ठेवायची, मंग ती मुळी सोडती." हे त्यांना द्राक्षानं शिकवलं की ट्रकनं, मला माहीत नाही.

नदीची वाळू आता कुठे मिळते? घरं क्रशसँडमध्ये, दगड दळून केलेल्या वाळूत, होतात. पण गुलाबभाऊंच्या घरामागे जुना ढीग होता. त्यातली घमेल्यांनी आणून त्यांनी शेडच्या मागे विटांच्या चौकटीत ओतली, दोनदा धुतली, काड्या ओळीनं खोचल्या आणि हात झटकून म्हणाले, "आता इसरा."

आम्ही विसरलो. एका सकाळी मी आणि मालक नारायणगावला गेलो होतो. दुपारी येऊन बघते तर चौकट रिकामी. वाळू नाही. काड्या मात्र सगळ्या होत्या. बुडखे एकीकडे, शेंडे एकीकडे, नीट रचून, वर ओलं पोतं. पोतं आम्ही येईपर्यंत कडक वाळलं होतं. काही काड्यांच्या बुडाशी पांढरे कोंब दिसत होते, पण तेही उन्हानं वळले होते. त्याच आठवड्यात शेजारी एकांच्या बाथरूमचं प्लॅस्टर झालं. मी विचारायला गेले नाही. शेजार कायमचा असतो.

सर पोत्याकडे बघून म्हणाले, "चोर संवेदनशील होता, ताई. पोतं भिजवून टाकलंय."

गुलाबभाऊ चौकटीजवळ उकिडवे बसले होते. मला वाटलं, काड्यांसाठी हळहळतायत. मग म्हणाले, "लई बारीक वाळू व्हती राव. फिनिशिंगची."

*

एन.ए. अजून रखडलेलंच होतं. त्याच थंडीत पुन्हा काड्या आणल्या. या वेळी प्रमोद म्हणाला, "वहिनी, जमाना कोकोपीटचा हाय."

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मला नवीन नाही. आमची टोमॅटोची रोपं त्यातच होतात, शेडमध्ये पोती पडलेली असतात. मी तसं म्हणाले. प्रमोद हसला. "ते भाजीपाल्याचं. हे लाकडासाठी वेगळं येतं." दुकानातून त्यानं त्याच्या दाबलेल्या विटा आणल्या, सोबत मुळी फुटायची पावडर आणली, आणि सगळं स्वतः भिजवलं. हातात दाबलं की पाणी गळत होतं. मी म्हणाले, फार ओलं झालंय. प्रमोद म्हणाला, "मी कंपनीचं ट्रेनिंग केलंय."

आणि काय सांगावं, थोड्याच दिवसांत सगळ्या काड्यांना पानं फुटली. हिरवीगार, तळहाताएवढी. प्रमोदनं फोटो काढून स्टेटसला ठेवला, खाली दुकानाचा नंबर. सर ओझरला गणपतीला गेले होते ते येताना पेढे घेऊन आले. मालकसुद्धा येऊन बघून गेले. मी एक पेढा माहेरच्या दिशेनं ठेवला आणि मग मलाच लाज वाटली, म्हणून उचलून खाल्ला.

पुढच्या आठवड्यात पानांनी माना टाकल्या. काडी उपटली तर बूड काळं, हाताला बुळबुळीत, कुबट वास. काडीच्या अंगात जे होतं ते तिनं पानांना देऊन टाकलं होतं. खाली मूळ नावाला नव्हतं.

प्रमोद जराही डगमगला नाही. "पानं आली का न्हाई? ती आमच्या मालानं आली. मुळीचं तुमच्या पाण्यावर अस्तं."

त्या स्टेटसवर त्यानं बरंच कोकोपीट खपवलं. माझ्याच नर्सरीत येऊन लोक मला विचारायचे, "वहिनी, ते अंजिराचं कोकोपीट कुठं मिळतं?"

*

पुढच्या वर्षी पाळी सरांची. सरांचं म्हणणं असं, की परदेशात काड्या पर्लाइटमध्ये लावतात, पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीची काच, आणि ज्वालामुखीची राख तर आपल्या गावात पडून आहे.

ती आहे, हे खरं. कोणे एके काळी कुठल्यातरी लांबच्या ज्वालामुखीची राख उडत आली आणि आमच्या कुकडीच्या काठाला थरानं बसली. ती बघायला बाहेरगावची शिकलेली माणसं हातोडी-पिशव्या घेऊन येतात आणि तिला हात लावू नका म्हणून सांगून जातात. आमच्या सासूबाई त्या राखेनं पितळेची भांडी घासायच्या.

"जगात कुणाकडे नाही ते आपल्याकडे आहे, आणि आपण विकत आणायचं?" सर म्हणाले. शाळेत झेंडावंदनाला बोलायचे त्याच आवाजात. त्यांनी राख आणली, कुंड्या भरल्या, काड्या लावल्या, पाणी घातलं.

राख बसली. अशी बसली की काडी हलेना. पाणी घातलं की वर तळं साचायचं, खाली एक थेंब जायचा नाही. काड्या वाळल्या तरी ताठ उभ्या होत्या. एक तर मी दोन्ही हातांनी उपटून बघितली, ती मधे मोडली.

त्याच सुमारास बाहेरगावच्या एक अभ्यासक बाई नदीवरून येताना आमच्याकडे पाणी प्यायला थांबल्या. त्यांची नजर कुंड्यांवर गेली. वाकून त्यांनी बोट लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे कुठून आणलं तुम्ही?"

सर उभे राहिले. "सिमेंट आहे मॅडम," ते म्हणाले.

अंजिराच्या बाबतीत सर एवढं एकदाच बरोबर बोलले.

*

एन.ए. आलं. मला कुणी कळवलं नाही. भाच्याच्या स्टेटसवर दिसलं. जे.सी.बी.ला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ, आणि मागे, बकेटच्या खाली, आडवं झालेलं झाड.

मी मालकांना म्हणाले, गाडी काढा. त्यांनी पहिल्यांदाच कुठे म्हणून विचारलं नाही.

रानात मांडव होता, खुर्च्या होत्या, पाहुणे होते. दादा फेटा बांधून फिरत होता. मला बघून म्हणाला, "बरं झालं आलीस. तुला फोन करायचाच व्हता, पण गडबडीत राहिलं. जेवून जा." भावजयीनं हातावर प्रसाद ठेवला.

झाड विहिरीकडे तोंड करून पडलं होतं. मुळं वर, त्यांना अजून ओली माती. एका फांदीला आईची चिंधी तशीच होती, रंग गेलेली. जे.सी.बी.चा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सरपण पायजे का? बारकं बारकं न्या, पन चीक लागंल."

मी बारकं बारकंच नेलं. साडीच्या ओच्यात काड्या घेतल्या आणि पाहुण्यांच्या मधून चालत गेले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. जेवायला थांबले नाही. वाटेत हात खाजायला लागले. मालक म्हणाले, चीक धुऊन टाक. मी नाही धुतला. मला दादाचा राग आला होता आणि कुणापाशी बोलायची सोय नव्हती, कारण त्यानं काहीच बेकायदा केलं नव्हतं. रान त्याचं, झाड त्याचं, आणि ते त्याचं आहे असं मीच लिहून दिलेलं.

*

या शेवटच्या काड्या होत्या. आता चुकलं तर परत आणायला झाड नव्हतं.

मी कुणाला विचारलं नाही. कोकोपीट तीनदा धुऊन पिळून घेतलं, निम्मी क्रशसँड चाळून मिसळली, मूठ दाबली तर ओल लागावी पण पाणी गळू नये असं केलं, आणि पिशव्या भरून शेडच्या आतल्या अंगाला ठेवल्या. बहुतेक काड्या पिशव्यांत बसल्या. पिशव्या संपल्या तेव्हा शेवटच्या काही काड्यांसाठी सत्यनारायणाच्या सरबताचे पारदर्शक प्लॅस्टिकचे ग्लास उरले होते, त्यांना खाली भोकं पाडून ते वापरले.

पण आमच्या भागातल्या माणसाला एक खोड आहे. लावलेली काडी दिसली की ती उपसून बघायची. "मुळी धरली का बघू" असं म्हणायचं, दोन बोटांत धरून वर ओढायची, बुडाकडे बघायचं, परत खोचायची आणि वरून माती थापटायची, जसं काही पोर उठलं होतं ते परत निजवलं. प्रत्येकाला वाटतं, आपण एकट्यानंच बघितलं.

मी पाटी लावली: काड्या उपसू नयेत. गुलाबभाऊंनी पाटी मोठ्यानं वाचली आणि काडीला हात घातला. "उपसत न्हाई वहिनी, नुस्ती हालवून बघतोय." सर आले की निरीक्षण म्हणून उपसायचे. प्रमोद त्याचं कोकोपीट कितपत ओलं राहिलंय ते बघायला उपसायचा. कोकोपीटात आणखी काय मिसळलंय हे मी सांगत नव्हते, त्यामुळे तर त्यांची तडफड आणखीच वाढली होती.

एक दिवस मी ट्रे भरत होते. आतून गुलाबभाऊंची हाक आली. "वहिनी, या या! मुळी हाय!"

मी पळत गेले. गुलाबभाऊंचा चेहरा फुलला होता. काडी पिशवीत होती आणि मुळी त्यांच्या हातात होती. पांढरी, लांब, मोडलेली.

सगळ्या पिशव्यांतल्या काड्या उपसून बघितल्या. प्रत्येकीत मूळ फुटलं होतं आणि प्रत्येकीत ते तुटलं होतं. काही ताजी, काही आठवड्यापूर्वीची.

त्या दिवशी मी बोलले. तिघांनाही बोलले, त्यांच्या वयाचा मान न ठेवता. "तुमाला काडी जगवायची न्हाई. तुमाला फकस्त आपलं खरं झालेलं बघायचंय. दोन वरीस माझ्या आईचं झाड तुमी तुमच्या बाकड्यावर बसून मारलंत." बाकडं उलटं करून ठेवलं. चहा बंद. चार-सहा दिवस तिघं रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे राहायचे आणि इकडे बघायचे.

*

ग्लासातल्या काड्यांना मात्र कुणी हात लावला नव्हता, कारण गरज नव्हती. ग्लास पारदर्शक. मुळीला उजेड लागू नये म्हणून भोवती गुंडाळलेला पेपर खाली सरकवला की आतली मुळी बाहेरूनच दिसायची. बाकडं सरळ झाल्यावर तिघं एकेक करून आत यायचे, गुडघ्यावर बसायचे, चष्मा वर-खाली करत ग्लासात बघायचे आणि पेपर परत वर करून हळूच बाहेर पडायचे. देवळात गेल्यासारखे.

उन्हाळ्यात त्यातल्याही गेल्या. वीज गेली, मोटार बंद पडली, शेड तापलं. एक राहिली. तिला मी शेडच्या मागे जमिनीत लावली, तिच्याभोवती काटेरी फांद्या टाकल्या, आणि पाऊस लागला तशी ती उठली.

मग वाद नव्यानं सुरू झाला. गुलाबभाऊ म्हणाले, "शेवटी वाळूच कामाला आली." प्रमोद म्हणाला, "कोकोपीट नस्तं तर ओल कुठनं राहिली असती?" सर म्हणाले, "राखेचा अंश असणार त्यात, ताई, नाकारू नका." तिघांनीही वेगवेगळं मला बाजूला घेऊन विचारलं. मीही तिघांना वेगवेगळं, बाजूला घेऊन सांगितलं, तुमचंच बरोबर होतं. माझ्यात भांडायची ताकद उरली नव्हती. आता तिघंही गावात सांगत फिरतात.

*

लॉन्सचं उद्घाटन झालं. दादानं त्याला आईचं नाव दिलं. कमानीवर आईचा फोटो, फोटोला लायटिंग. फोटोतली आई मला ओळखू येईना. तिच्या गालावरचा तीळ कुणीतरी कॉम्प्युटरवर साफ केला होता.

विहीर बुजवली होती. थारोळं होतं साधारण तिथेच एक मोठं प्लॅस्टिकचं झाड उभं केलं होतं, पानापानाला दिवे. दादा पाहुण्यांना दाखवत होता. "वॉशेबल हाय. पानं गळत न्हाईत, कचरा न्हाई, वटवाघळं येत न्हाईत."

बाकड्यावरचे तिघंही जेवायला आले होते. गुलाबभाऊ त्या झाडापाशी बराच वेळ उभे राहिले. मग सवयीनं वाकले, बुडाला हात घातला आणि जरा हलवून बघितलं. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ह्यानं धरलंय."

*

माझ्या झाडाला पहिली फळं आली. मोजकीच. मी एकेका फळाला चिंधी बांधली.

दादा नर्सरीत आला होता. लॉन्सच्या कडेनं लावायला त्याला फुलझाडं हवी होती. बाकड्यावर बसला. गुलाबभाऊ आधीपासून होतेच. मी चहा टाकला, आणि मागे जाऊन एक पिकलेलं फळ तोडून आणलं, दोन भाग केले, आणि बशीत घालून दादापुढे ठेवलं. मला बघायचं होतं.

दादानं एक भाग तोंडात टाकला. चावता चावता थांबला. रस्त्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कळलं त्याला. इतकी वर्षं धरलेला राग त्या एका क्षणात मी सोडून दिला असता. खरं सांगते, दिला असता.

"मंदे," दादा म्हणाला. "आईच्या झाडाची सय आली बघ. असंच लागायचं ते. न्हाई, त्याच्यापेक्षा जरा कमीच हाय हे, पर सय आली."

मी चहा गाळून त्याच्यापुढे ठेवला.

"त्या झाडाचं एखादं रोप तरी करून ठेवायला पायजे व्हतं," दादा म्हणाला. बोट चाटून त्यानं माझ्या शेडकडे, ट्रेंकडे, सगळ्या नर्सरीकडे नजर फिरवली. "आमचं जाऊ दे, आमी कामात व्हतो. पर तुझी तर नर्सरी हाय. तुला कसं गं सुचलं न्हाई?"

गुलाबभाऊंनी तोंड उघडलं.

मी बशीतला उरलेला भाग उचलून त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या भाऊ," मी म्हणाले. "खावा."